पेठेतलं हाय-फाय दुकान: विक्री घटली, दुकान टिकलं

पुण्यातल्या एका मध्यवर्ती पेठेत हे हाय-फायचं, म्हणजे चांगल्या प्रतीचे अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर वगैरे विकणारं दुकान आहे. त्याचे हिशेब आणि कराची विवरणपत्रं बरीच वर्षं माझ्याकडे आहेत. मालकांना विचारूनच हे लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली, काही तपशील बदलले आणि दुकानाच्या रकमा गोल केल्या आहेत. मालकांना गिऱ्हाइकं ‘काका’ म्हणतात आणि दुरुस्तीच्या टेबलावर बसणाऱ्यांना ‘अण्णा’. इथेही तेच म्हणतो.

एक आधीच सांगतो: मी स्वतः गाणी मोबाइलवर ऐकतो, त्यामुळे कोणता स्पीकर चांगला यात मला गती नाही. मला कळतं ते खतावणीतलं.

पार्श्वभूमी

काका मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. ऐंशीच्या दशकात ट्रान्झिस्टर आणि टू-इन-वन उघडता उघडता ते असेंबल्ड अ‍ॅम्प्लिफायर बनवून विकू लागले. १९९१ नंतर आयात सैल झाली, परदेशी ब्रँडचे अधिकृत वितरक आले आणि काकांनी दोन ब्रँडची डीलरशिप घेतली. वाडा पाडून तिथे इमारत उभी राहत होती, तेव्हा त्यांनी तळमजल्याचा गाळा आणि वरच्या मजल्यावरची एक मोठी खोली विकत घेऊन ठेवली. पुढच्या सगळ्या प्रकरणात या खरेदीखताला फार महत्त्व आहे.

वरची खोली म्हणजे ऐकण्याची खोली. जाड पडदे, एका भिंतीला पुस्तकांची मांडणी, खाली सतरंजी. शनिवारी संध्याकाळी तिथे मैफल जमायची. एक निवृत्त प्राध्यापक मल्लिकार्जुन मन्सूरांची सीडी घेऊन यायचे, त्यांच्या मागच्या खुर्चीत पिंक फ्लॉइडवाला इंजिनिअर आपली पाळी येण्याची वाट बघत बसायचा. चहा काकांकडून. त्यातले निम्मे लोक वर्षानुवर्षं काही घेत नसत. उरलेले जे घेत, ते दुसरीकडे चौकशीही करत नसत.

मग डीव्हीडी आली, आयटीचा पैसा आला, बाणेर-औंधकडे मोठी घरं झाली आणि होम थिएटरची लाट सुरू झाली. पाच स्पीकर, एक सबवूफर, मध्ये एव्ही रिसीव्हर, म्हणजे टीव्ही आणि स्पीकर दोन्ही ज्याला जोडतात तो अ‍ॅम्प्लिफायर. काही वर्षं दुकानाची दोन तृतीयांश विक्री याच मालाची होती. दुकानात चार माणसं कामाला होती आणि वितरकाकडून दर दिवाळीला बक्षिसाची ढाल यायची.

समस्या

२०१५ च्या सुमारास गाडी अडायला लागली. कारण विचारलं की काका एकच सांगायचे: ऑनलाइन. ते खरं होतं, पण अर्धंच.

पहिली गोष्ट, मधला गिऱ्हाईक नाहीसा झाला. चाळीस हजार ते लाखाच्या दरम्यान खर्च करून वेगळा अ‍ॅम्प, वेगळे स्पीकर घेणारा नोकरदार आता टीव्हीखाली साउंडबार (एका लांबट पट्टीतले स्पीकर) ठेवून मोकळा होत होता. त्याच्या खिशात गाण्यांची अ‍ॅप होती आणि सीडी प्लेअर कशासाठी असतो, हे त्याच्या मुलाला माहीत नव्हतं. २०१६ च्या फेब्रुवारीअखेर मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे गाण्यांच्या तबकड्या-सीडींचं जुनं दुकान बंद झालं, तेव्हा काकांनी ती बातमी कापून गल्ल्याच्या काचेखाली ठेवली होती.

दुसरी, भाव उघडे पडले. गिऱ्हाईक वरच्या खोलीत दोन तास बसून तीन स्पीकर ताडून बघायचा, ‘घरी विचारून सांगतो’ म्हणायचा आणि जिन्यातच मोबाइलवर भाव बघायचा. कोणी दुबईहून येणाऱ्या मेहुण्याला सांगायचा. २०१६ च्या बॅगेज नियमांनुसार परतणाऱ्या प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंत शुल्कमाफी होती; छोटा अ‍ॅम्प त्यात सहज बसायचा. पुढे एका ब्रँडचा वितरक स्वतःच्याच संकेतस्थळावर थेट विकायला लागला, तेही सणाच्या सवलतीत. काकांचा खरेदीभाव आणि त्याचा विक्रीभाव यांत चहापाण्याचा फरक राहिला.

तिसरी गोष्ट काकांना दिसत नव्हती. ती ताळेबंदात होती. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर दुकानात पाच वर्षं पडून राहिले तरी ते जुने होत नाहीत. आवाज तोच राहतो. एव्ही रिसीव्हरचं तसं नाही. तो अर्धा संगणक असतो. टीव्हीला जोडायची एचडीएमआय ही जोडणी बदलत राहते: २०१३ मध्ये तिची २.० आवृत्ती आली, २०१७ च्या अखेरीस २.१. नवा टीव्ही घेतलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘हा फोर-के (नव्या टीव्हीचं जास्त बारकाव्याचं चित्र) पास करतो का?’ उत्तर नाही असेल, तर ते खोकं त्या दिवसापासून निम्म्या किमतीचं. काकांकडे अशी खोकी माळ्यावर रचलेली होती, आणि मालसाठ्यात ती खरेदीच्या पूर्ण किमतीला दिसत होती. कागदावर श्रीमंत आणि बँकेत कॅश क्रेडिटची (धंद्यासाठीच्या खेळत्या कर्जाची) मर्यादा संपलेली, अशी अवस्था.

त्यावर ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी आणि १ जुलै २०१७ चा जीएसटी. महाग मालात रोखीचा व्यवहार किती चालतो, हे या धंद्यातल्या कोणाला सांगायला नको. तो एका रात्रीत थांबला. २०१८ च्या मार्चअखेरीस हिशेब बंद केला तेव्हा व्याज धरून दुकान तोट्यात होतं.

समोर असलेले पर्याय

त्याच सुमारास काकांची धाकटी मुलगी बेंगळुरूची नोकरी सोडून घरी आली. दुकानासाठी नव्हे, तिची कारणं वेगळी होती. पण आल्यावर तिने एक काम केलं. तीन महिने वरच्या खोलीत होणाऱ्या प्रत्येक डेमोची वहीत नोंद ठेवली: कोण आलं, किती वेळ बसलं, काय ऐकलं, पुढे काय झालं. दर दहा डेमोंमागे दुकानातून खरेदी दोघा-तिघांचीच. आणखी तिघांनी तीच वस्तू दुसरीकडून घेतली, हे नंतर कळलं; कारण ती जोडायला त्यांनी अण्णांनाच बोलावलं होतं! अण्णा जायचे, चहा पिऊन, वायरी जोडून परत यायचे. बिल शून्य.

ती वही घेऊन आम्ही तिघे बसलो.

दुकान बंद करून दोन्ही जागा भाड्याने देणं हा सगळ्यात सोपा मार्ग होता. एका कपड्यांच्या साखळी दुकानाची विचारणा आलेली होती आणि त्यांचं भाडं दुकानाच्या चांगल्या वर्षाच्या नफ्यापेक्षा जास्त होतं. निव्वळ आकडे बघायचे तर माझा सल्ला हाच होता आणि मी तो स्पष्ट दिला. काका ऐकून घेऊन म्हणाले, “आणि मी सकाळी उठून कुठे जाऊ?” हा प्रश्न ताळेबंदात बसत नाही, पण छोट्या धंद्यातले निम्मे निर्णय याच प्रश्नावर होतात.

ऑनलाइन भावाशी भाव लावणं हा पर्याय वितरकाच्या दरपत्रकाने निकालात काढला. स्वतः ऑनलाइन विकायचं तर उभ्या स्पीकरची जोडी साठ किलोची. एक परत आली आणि कोपरा चेपला की दहा विक्रींचा नफा गेला.

बिल्डरांची कामं धरायची, म्हणजे होम थिएटरसोबत सीसीटीव्ही, दिवे, पडद्यांची मोटर, असं काकांच्या जुन्या सेल्समनचं म्हणणं होतं. पैसा त्यात दिसत होता. पण बिल्डरची उधारी सहा-सहा महिने थकते आणि आपल्याकडे कॅश क्रेडिट आधीच तुंबलेलं. शिवाय दिवे आणि कॅमेरे लावणारे शंभर लोक शहरात होते. काकांची खासियत तिथे कोणाला हवी होती?

मुलीचा प्रस्ताव वेगळा होता. आपण जे फुकट देतो, तेच लोकांना दुसरीकडे मिळत नाही. त्याचे पैसे घेऊ. डेमोला शुल्क, घरी येऊन जुळवणीला शुल्क, दुरुस्तीला नीट दर, आणि जुन्या सामानाची खरेदी-विक्री.

निर्णय आणि वाद

दुरुस्ती आणि जुन्या सामानावर एकमत झालं. घोडं अडलं डेमोच्या शुल्कावर. “घरी आलेल्या माणसाकडून चहाचे पैसे घ्यायचे का?” असं काका म्हणाले. “बाबा, तो घरी येत नाही, दुकानात येतो,” ती म्हणाली. दोन आठवडे बापलेकीत अबोला होता. अखेर ठरलं ते असं: दोन तासांचे १,५०० रुपये, वेळ आधी ठरवून, आणि खरेदी केली तर ती रक्कम बिलातून वजा.

दुसरा मोठा निर्णय तळमजल्याचा. गाळा एका चष्म्याच्या दुकानाला भाड्याने दिला आणि सगळं दुकान वरच्या खोलीत नेलं. त्या भाड्यातून कॅश क्रेडिटचं व्याज आणि अण्णांचा पगार निघू लागला.

तिसरा निर्णय मी आग्रहाने करवून घेतला: माळ्यावरची रिसीव्हरची खोकी मिळेल त्या भावाला काढायची. काही निम्म्याला गेली, काही त्याहून खाली. तोटा एकदाच, एका वर्षात दाखवला. काकांनी त्या महिन्यात माझा फोन घेतला नाही.

प्रत्यक्षात काय केलं

डेमोंची संख्या तर लगेच निम्म्यावर आली. शनिवारची मैफल बंद पडली. एक जुने गिऱ्हाईक ‘आता इथे ऐकायलाही तिकीट लागतं’ म्हणून रागावून गेले, ते पुन्हा आले नाहीत. पण जे पैसे भरून येत, ते ठरवून येत. दहातले सहा-सात घेऊन जाऊ लागले.

खरा बदल घरभेटींनी झाला. एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण दुकानाची नवी रीत त्यात पूर्ण दिसते.

कोथरूडचे एक निवृत्त बँक अधिकारी नवा अ‍ॅम्प घ्यायला आले. बजेट दोन लाख. तक्रार अशी की तबला लागला की डग्गा नुसता घुमतो आणि गाणं त्याखाली दबतं. जुन्या पद्धतीने त्यांना त्याच संध्याकाळी अ‍ॅम्प विकला गेला असता. मुलीने घरभेटीचे पैसे सांगितले आणि मोजमापाचा मायक्रोफोन व लॅपटॉप घेऊन अण्णांसोबत गेली. खोली १२ बाय १० फूट, खाली गुळगुळीत टाइल्स, भिंती उघड्या, सोफा थेट मागच्या भिंतीला टेकलेला. १२ फूट लांबीच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्झला आणि १० फूट रुंदीला ५६ हर्ट्झला आवाज खोलीतच फुगतो. त्यांच्या दुपटीला, म्हणजे ९४ आणि ११२ च्या आसपास, पुन्हा तेच. डग्ग्याचा घुमारा याच पट्ट्यात असतो आणि भिंतीला टेकून बसलं की तो सगळ्यात जास्त ऐकू येतो. अण्णांनी सोफा अडीच फूट पुढे ओढला. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढून जागा बदलत, प्रत्येक वेळी मोजत राहिले. टाळी वाजवली की भिंतींतून टणटण येत होती, त्यासाठी जाड सतरंजी आणि बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट सुचवलं. साहेबांनी त्यांचीच वसंतराव देशपांड्यांची सीडी लावली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बायकोला आतून बोलावलं.

अ‍ॅम्प विकला गेला नाही. चार हजारांचं बिल झालं. काका हिशेब बघून वैतागले: दोन लाखांचं गिऱ्हाईक चार हजारांत सोडलं! त्या गृहस्थांनी पुढच्या दीड वर्षात तीन जणांना दुकानात पाठवलं, त्यांतल्या एकाने पूर्ण सिस्टिम घेतली. तरी काकांचा वैताग चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. प्रत्येक घरभेट अशी फळत नाही आणि तेवढं थांबायला खिशात दम लागतो.

दुरुस्तीचं काम अपेक्षेपेक्षा मोठं निघालं. जुन्या स्पीकरच्या शंकूभोवतीची फोमची कड काही वर्षांत भुसभुशीत होऊन गळते; लोकांना वाटतं स्पीकर गेला. अण्णा नवी कड चिकटवतात. कोरडे पडलेले कपॅसिटर, ताणलेले बेल्ट, कॅसेट डेकचे झिजलेले रबर रोलर. आणि माळ्यावरून उतरवलेले एचएमव्हीचे फिएस्टा, म्हणजे जुने रेकॉर्ड प्लेअर. एक बाई वडिलांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या आणि फिएस्टा घेऊन आल्या, नुसती सुई बदलून द्या म्हणाल्या. अण्णांनी भिंगातून सुई दाखवली. लाखेच्या ७८ च्या तबकडीची खाच रुंद असते, तिला साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. एलपीची सुई एक मिल किंवा त्याहून बारीक. एलपीची सुई ७८ वर लावली, तर ती खाचेच्या तळाशी लोळते आणि गाण्याऐवजी खरखर ऐकू येते. अशी योग्य सुई मागवून, बसवून देणारी जागा शहरात कमीच, त्यामुळे सोलापूर-कोल्हापूरहूनही सामान येऊ लागलं.

तबकड्यांवरून डिजिटल प्रत करून द्यायची मागणी आली, तेव्हा मी वकिलांकडे पाठवलं. ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क आपल्या कायद्यात साठ वर्षांचा आहे. ठरलं असं की, गिऱ्हाइकाने स्वतःची तबकडी आणायची, प्रत त्याच्याच वापरासाठी, आणि दुकानात एकही प्रत ठेवायची नाही.

जुन्या सामानाच्या विक्रीला जीएसटीच्या एका तरतुदीने हात दिला. जुना माल जसा आहे तसा किंवा किरकोळ दुरुस्तीनंतर विकला आणि खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट (वजावट) घेतलं नसेल, तर कर फक्त खरेदी-विक्रीच्या फरकावर लागतो. ४०,००० ला घेतलेला अ‍ॅम्प ५२,००० ला विकला, तर कर १२,००० वर. अण्णांनी तपासलेला, सहा महिन्यांची हमी असलेला जुना अ‍ॅम्प नव्या साउंडबारच्या भावात मिळतो म्हटल्यावर तरुण मंडळी जिना चढायला लागली. त्यात तबकड्या वाजवायला टर्नटेबल शोधणारेही होते. अमेरिकेत २०२२ साली तबकड्यांची विक्री नगांमध्ये सीडीच्या पुढे गेली, १९८७ नंतर प्रथमच. ती हवा इथेही पोचली होती.

मध्ये कोविडची टाळेबंदी आली. २०२० च्या जूनमध्ये, टाळेबंदी टप्प्याटप्प्याने उठवणाऱ्या राज्याच्या ‘मिशन बिगिन अगेन’मध्ये, रस्त्याच्या एका बाजूची दुकानं एक दिवस आणि दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी उघडत होती, तेव्हा दुरुस्तीला आलेल्या डेकची रांग जिन्यापर्यंत लागली होती. घरात अडकलेल्या लोकांनी माळे आवरले होते.

निष्पत्ती

आज दुकानाची उलाढाल चांगल्या दिवसांच्या निम्म्याहून थोडी कमी आहे. नफा मात्र आहे आणि कॅश क्रेडिट बंद झालं आहे. ढोबळ नफ्यातला निम्म्याच्या आसपास वाटा सेवा, दुरुस्ती आणि जुन्या मालाचा. चार माणसांची तीन झाली. तो सेल्समन एका वितरकाकडे गेला, पगार जास्त मिळाला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण असे किस्से ऐकून लोक भावुक होतात. जागा स्वतःची नसती तर हे दुकान टिकलं नसतं. खालच्या गाळ्याच्या भाड्याने पहिली दोन वर्षं निभावली. भाड्याच्या जागेतल्या दुकानदाराने हाच प्रयोग केला, तर त्याच्या गणितात ती ओळ नसेल, आणि मग घरभेटीचं फळ मिळेपर्यंत शटर खाली आलेलं असेल.

काय वेगळं करता आलं असतं

रिसीव्हरची खोकी दोन वर्षं आधी काढायला हवी होती. मालाच्या वयाची यादी दर तिमाहीला काढली असती, तर ती लपली नसती. मुलीने आता तीच सवय लावली आहे: एका वर्षावरचा माल लाल पेनाने.

डेमोच्या शुल्कात जुन्या गिऱ्हाइकांना सूट ठेवता आली असती. वीस वर्षं येणाऱ्या प्राध्यापकांना आणि मोबाइलवर भाव बघणाऱ्याला एकाच तागडीत घातलं, ते लोकांना लागलं. मैफल महिन्यातून एक शनिवार चालू ठेवायला फारसा खर्च नव्हता. तीच मैफल नव्या ओळखी आणायची, आणि हे वहीतल्या नोंदींत दिसणं शक्यच नव्हतं.

जिन्याचा विचार कोणीच केला नाही. ज्यांच्याकडे तबकड्या आणि ऐपत दोन्ही आहेत, ते साठी-सत्तरीचे. दुकान नेमकं त्यांच्याच गुडघ्यांपलीकडे नेलं. गाळ्याचा चार फुटांचा एक कोपरा सामान देण्याघेण्यापुरता राखून ठेवला असता, तर भाडं थोडं कमी आलं असतं, एवढंच. चष्मेवाल्यांचा करार आता नूतनीकरणाला येतोय, तेव्हा तो कोपरा मागायचा असं ठरलं आहे.

जुन्या मालाच्या पहिल्या खेपेत जपान-अमेरिकेहून आलेले १०० आणि १२० व्होल्टचे काही अ‍ॅम्प तपासणीशिवाय घेतले गेले. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर देऊनही ते विकले जाईनात, कारण कधीतरी घरातलं कोणीतरी थेट भिंतीत प्लग लावणारच. आता मागच्या पाटीवरचा व्होल्टेज वाचल्याशिवाय भाव बोलायचा नाही, असा नियम आहे.

सगळ्यात जुना प्रश्न अण्णांच्या वयाचा. निम्मा नफा एका माणसाच्या हातात आहे आणि तो माणूस सत्तरीला आला आहे. आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेडची दोन मुलं येऊन गेली. मोबाइल दुरुस्तीत लवकर पैसा दिसतो, म्हणून गेली. तिसरी एक मुलगी सध्या आहे. तिला पगाराशिवाय तिने केलेल्या प्रत्येक दुरुस्तीवर वाटा द्यायचा, असं काकांनी अखेर मान्य केलं. माझ्या मते हे २०१८ मध्येच करायला हवं होतं, अण्णा दिवसभर बसू शकत होते तेव्हा.

दरम्यान, ब्रँडच्या कंपन्याच हात बदलताहेत. सॅमसंगने २०१७ मध्ये हरमन ही ऑडिओ कंपनी घेतली. डेनॉन, मरांट्झ, बॉवर्स अँड विल्किन्स ही हाय-फायची नावं २०२२ मध्ये मासिमो या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीकडे गेली आणि २०२५ मध्ये हरमनकडे. वर मालक बदलला की खाली कधी वितरक बदलतो, कधी अटी. काकांच्या दोन ब्रँडपैकी एकाने, नाव सांगत नाही, वर्षाला किमान ठरावीक रकमेचा माल उचलण्याची अट घातली आहे. ती मान्य केली तर माळा पुन्हा भरेल. नाकारली तर डीलरशिपची पाटी उतरवावी लागेल. मुलगी पाटी उतरवायच्या बाजूने आहे, काका नाहीत. उत्तर ३१ मार्चपूर्वी द्यायचं आहे आणि दोन्ही बाजूंचं गणित मांडून देण्याचं काम माझ्याकडे आलं आहे.